नवीन डेकमध्येच हॉट टब बसवायचाय, आधी काय काय बघून घ्यायचं?

नेपरव्हिलकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण खर्च मोठा आहे म्हणून सगळं नीट लिहितो. आम्ही शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलला राहतो. घरामागचा जुना लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा ओटा, कुजत आला होता, तो काढून टाकला आणि आता तिथे १६ बाय २० फुटांचा नवीन करायचाय. बायकोची फार दिवसांची इच्छा आहे की त्यातच हॉट टब असावा, आणि तो डेकवर नुसता आणून ठेवलेला नको, डेकमध्ये उतरवलेला हवा, म्हणजे कडेवर बसून पाय आत टाकता येतील एवढाच भाग वर राहील. थंडीत बाहेर बर्फ पडतोय आणि आपण गरम पाण्यात, हे तिने एका मैत्रिणीकडे अनुभवलंय आणि तेव्हापासून डोक्यात तेच आहे. मलाही पटलंय, पाठीचं दुखणं जुनं आहे.

आता तपशील. मागच्या दाराचा उंबरा जमिनीपासून साधारण २० इंचांवर आहे म्हणजे डेकही तेवढाच उंच येणार. जो टब बघून ठेवलाय तो ७ बाय ७ फूट, उंची ३६ इंच, पाणी ३७५ गॅलन, सहा माणसांचा. माती सगळी चिकण, पाऊस पडला की दोन-दोन दिवस पाणी हटत नाही.

घोडं अडलंय ते इथे. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो की टबाच्या जागी जॉइस्ट (फळ्यांखालच्या आडव्या तुळया) दाट टाकू आणि त्याच फ्रेमवर थोडा खाली प्लॅटफॉर्म करून टब ठेवू, वेगळा स्लॅब कशाला. दुसरा म्हणतो जमिनीवर काँक्रीटचा स्लॅब घालून टब त्यावर आणि डेक त्याच्याभोवती, त्याचा आकडा अर्थातच बराच जास्त आहे. आणि तिसरा एक हँडीमॅन म्हणतो की परमिटच्या भानगडीत पडू नका, मी दोन आठवड्यांत करून देतो. गॅरेजमध्ये २०० अँपचं पॅनेल आहे, त्यावर गाडीचा चार्जर आधीच आहे. आईबाबा नाशिकहून दर वर्षी येतात, बाबांना बीपी आहे, आणि मुलगी ४ वर्षांची आहे त्यामुळे सुरक्षिततेचंही बघायचंय. इथे कोणी हे काम करून घेतलंय का, किंवा ह्या धंद्यातलं कोणी आहे का? स्वस्तात उरकायचं नाहीये, पण जिथे गरज नाही तिथे पैसे घालायची ऐपतही नाही.

सुतारपक्षी

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, ओहायोत. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरचं बरोबर आहे आणि का ते आकड्यांतच सांगतो.

पाण्याचं वजन गॅलनला साधारण ८.३४ पौंड. ३७५ गॅलन म्हणजे ३१०० पौंडांच्या वर नुसतं पाणी. रिकामा टब ८०० च्या आसपास धरा, सहा मोठी माणसं धरून अजून हजार. एकूण ५००० पौंडांच्या घरात, आणि ते सगळं ४९ चौरस फुटांवर, म्हणजे चौरस फुटाला १०० पौंड. इकडे घरगुती डेक माणसं-सामान मिळून चौरस फुटाला ४० पौंड धरून बांधतात. म्हणजे अडीचपट. आणि पार्टीतली माणसं रात्री घरी जातात, हे पाणी वर्षभर तिथेच असतं.

नुसते जॉइस्ट दाट केले की काम झालं असं नसतं. वजन जॉइस्टवरून बीमवर, बीमवरून पोस्टवर, पोस्टवरून फुटिंगवर (खांबाखालच्या काँक्रीटच्या पायावर) आणि तिथून मातीत जातं, यातलं एक जरी कच्चं राहिलं तरी बाकीचं मजबूत असून काही उपयोग नाही. डेक दहा फूट उंच असता तर तसं डिझाइन करावंच लागलं असतं आणि करताही येतं, पण तुमच्याकडे जमीन २० इंचांवर आहे. जे वजन सरळ जमिनीवर टेकवता येतं ते लाकडावर कशाला टांगून ठेवायचं? पहिल्याला म्हणा, इंजिनिअरच्या सही-शिक्क्याचं ड्रॉइंग आण, मग बोलू.

आता स्लॅब. टब ७ बाय ७ आहे तर स्लॅब ८ बाय ८ घाला, जाडी तुमच्या थंडीत ६ इंच, आत सळ्यांची जाळी, आणि काँक्रीट एअर-एन्ट्रेन्ड (हवेचे बारीक बुडबुडे असलेलं) मागा म्हणजे गोठणं-वितळणं सोसतं. वरचा पृष्ठभाग एकदम लेव्हलमध्ये. पण चिकण मातीत स्लॅबपेक्षा त्याच्या खालचं महत्त्वाचं आहे. वरची काळी माती पूर्ण काढायची, ४ ते ६ इंच खडी घालून थर देत देत कॉम्पॅक्टरने दाबायची, आणि स्लॅब आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोनेक इंच वर ठेवायचा. डेकखालच्या जमिनीला घरापासून बाहेर उतार द्या. कोणी म्हणालं की अजून खाली खड्डा करून टब बसवू, म्हणजे कड डेकच्या लेव्हलला येईल, तर साफ नाही म्हणा. तुमच्या मातीत त्या खड्ड्यात पाणी साठणार, आणि पंप, हीटर, कंट्रोल बोर्ड सगळं टबाच्या तळाशीच असतं.

आणखी एक, जे फार कमी लोक सांगतात. डेकच्या पोस्टची फुटिंग्ज तुमच्याकडे ४२ इंच खोल जाणार, कारण तिथे फ्रॉस्ट लाइन, म्हणजे हिवाळ्यात जमीन जिथपर्यंत गोठते ती खोली, तेवढी धरतात, पण स्लॅब मातीच्या वरच बसलेला असणार. हिवाळ्यात माती फुगली की स्लॅब थोडासा उचलला जाईल, डेक जागचा हलणार नाही. म्हणून डेक स्लॅबला किंवा टबाला कुठेही जोडायचा नाही आणि टबाच्या चारी बाजूंनी पाऊणएक इंच फट सोडायची. टबासाठी जिथे जॉइस्ट कापावे लागतील तिथे डबल हेडर (कापलेली टोकं धरणारी दुहेरी आडवी तुळई) आणि त्याला स्वतःचे पोस्ट. डेक घराला जोडणार असाल तर मागची भिंत विटांची आहे का ते बघा, तुमच्याकडे बऱ्याच घरांना विटांचा नुसता बाहेरचा थर असतो, त्याला लेजर बोर्ड (डेक भिंतीला धरून ठेवणारी फळी) ठोकायचा नसतो. तसं असेल तर डेक स्वतंत्र पोस्टवर उभा करा.

उंचीचं गणित छान जमतंय तुमचं. ३६ चा टब, २ इंच वर आलेला स्लॅब, २० चा डेक, म्हणजे कड डेकपासून १८ इंच वर राहते. खुर्चीइतकी उंची, बसून पाय आत टाकायला एकदम बरोबर. यापेक्षा खाली नेऊ नका, चालता चालता कोणी आत पडेल.

तारयंत्र

वायरिंगचं मी लिहितो, इलिनॉयमध्येच इलेक्ट्रिकलचं काम करतो.

तुम्ही सांगताय त्या मापाच्या टबाला २४० व्होल्ट, ५० अँपचा जीएफसीआय ब्रेकर (वीज गळली की लगेच बंद होणारा) लागतो. चार तारा, दोन विजेच्या, एक न्यूट्रल, एक ग्राउंड, ६ गेजच्या तांब्याच्या. तरी टबाच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय तेच शेवटचं. टबाची वीज तोडायचा स्विच, म्हणजे डिस्कनेक्ट, टबापासून किमान ५ फूट लांब आणि टबाजवळून दिसेल असा हवा. पाण्यात बसलेल्या माणसाचा हात त्याला पोचता कामा नये, पण दुरुस्तीवाल्याला तो डोळ्यांसमोर हवा. पॅनेल २०० अँपचं आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, गाडीचा चार्जर, एसी, ड्रायर, शेगडी विजेची असेल तर ती, हे सगळं धरून इलेक्ट्रिशियनकडून लोड कॅल्क्युलेशन करून घ्या. नेपरव्हिलला वीज शहराच्याच खात्याची आहे, सर्व्हिस, म्हणजे घराला येणाऱ्या विजेची क्षमता, वाढवायची वेळ आली तर त्यांच्याशीच बोलावं लागेल, त्यामुळे हे आधी.

आता मुद्द्याचं. डेकमध्ये उतरवलेल्या टबाबाबत हमखास राहून जातं ते बाँडिंग, म्हणजे आसपासच्या धातूच्या वस्तू तारेने एकमेकांना जोडणं. नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये तयार टबांना एक सवलत आहे, टब जमिनीवर किंवा जमिनीच्या वर ठेवलेला असेल आणि त्याची कड आजूबाजूच्या ३० इंचांतल्या पृष्ठभागापासून किमान २८ इंच वर असेल तर भोवतीच्या जमिनीचं वेगळं बाँडिंग करावं लागत नाही. सुतारपक्षींच्या हिशोबाने तुमची कड १८ इंचच राहणार, म्हणजे ती सवलत गेली. मग टबाभोवती ८ गेजची अखंड तांब्याची तार फिरवून स्लॅबमधल्या सळ्या आणि जवळपासच्या धातूच्या वस्तू तिला जोडणं हे सगळं येतं. उद्देश एवढाच की ओल्या पायांनी डेकवर उभं राहून पाण्यात हात घातला तर पाय आणि हात यांच्यामध्ये व्होल्टेजचा फरक असू नये. लाकडी किंवा कॉम्पोझिट (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाच्या) डेकला नेमकं किती करायचं ते इन्स्पेक्टर सांगतो, प्रत्येक गावात थोडा फरक असतो. पण ते स्लॅब ओतायच्या आधी विचारायचं! एकदा काँक्रीट पडलं की सळ्यांना तार जोडता येत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की कॉन्ट्रॅक्टर स्लॅबची तारीख ठरवायच्या आधी इलेक्ट्रिशियन जागेवर येऊन गेलेला असावा.

डेकवर पर्गोला (वर उघडा लाकडी मांडव) करून दिव्यांच्या माळा सोडायचा विचार असेल तर तोही आत्ताच सांगा. टबाच्या वर आणि बाजूच्या ५ फुटांत साधे दिवे लावायचे तर ते पाण्यापासून १२ फूट उंच लागतात, आणि इन्स्पेक्टर ते बघतोच.

खणायच्या आधी ८११ ला फोन करा, जमिनीखालच्या लायनींवर खुणा करून देतात. इलिनॉयमध्ये तो फोन जुली नावाच्या संस्थेकडे जातो, फुकट आहे. लाल खूण विजेची, पिवळी गॅसची, निळी पाण्याची, केशरी फोन-केबलची. मात्र ते मीटरपर्यंतच्याच लायनी दाखवतात. मीटरनंतर तुम्ही स्वतः टाकलेली ग्रिलची गॅस लाइन किंवा लॉनचे स्प्रिंकलर त्यात येत नाहीत, ते तुम्हालाच शोधावे लागतील.

हँडीमॅनला नमस्कार करून निरोप द्या. फुटिंगचा खड्डा काँक्रीट ओतायच्या आधी बघतात, वायरचा चर बुजवायच्या आधी बघतात. हे तपासणारा माणूस तुमच्या बाजूचा आहे. आणि उद्या घर विकताना किंवा इन्शुरन्सचा क्लेम करताना परमिट नसलं तर तो हँडीमॅन तुमच्यासाठी येऊन उभा राहणार नाही.

मृण्मयी

आम्ही मिनेसोटात घर घेतलं तेव्हा डेकमध्ये टब आधीपासून होता, दिसायला इतका सुंदर की आम्ही घर बघताना त्याच्यासमोरच उभे राहिलो. दुसऱ्या हिवाळ्यात पाणी कमी होऊ लागलं. दुरुस्तीवाला आला, टबाभोवती फिरला आणि म्हणाला, मी आत जाऊ कुठून? डेकच्या फळ्या चारी बाजूंनी टबाला चिकटून, त्याही लपवलेल्या क्लिपांनी बसवलेल्या, म्हणजे मधली एक फळी काढायची तर टोकापासून सोडवत यायचं. खाली रांगत जावं तर जॉइस्ट आणि जमीन यांच्यात फूटभरही जागा नाही. शेवटी फळ्या कापाव्या लागल्या. गळती होती पंपाच्या कपलिंगपाशी, गॅस्केट बदललं की झालं, एवढंसं काम. पण त्यापायी डेक फाडला गेला.

म्हणून कळकळीने सांगते, ड्रॉइंगमध्ये टब डेकच्या मध्यावर असेल तर तो कोपऱ्यात सरकवा. बागेकडच्या दोन बाजू मोकळ्या ठेवा आणि डेकने उरलेल्या दोनच बाजूंना वेढू द्या. टबाचं पंप-हीटर असलेलं दार मोकळ्या बाजूला येईल असा टब फिरवून ठेवा. डेकच्या दोन बाजूंना तीन फूट रुंदीच्या पट्ट्यात फळ्यांचे उचलता येणारे तुकडे करून घ्या, वरून स्क्रूने बसवलेले. कॉम्पोझिट फळ्या चांगल्याच जड असतात, तेव्हा एक मोठं झाकण करण्यापेक्षा दोन-तीन लहान. पाइप टबाच्या चारी बाजूंनी फिरलेले असतात, गळती दाराच्याच बाजूला होईल असं कुणी लिहून दिलेलं नाही. आणि टब काही डेकइतका टिकत नाही, एक दिवस तो काढून नवीन आणावा लागणारच, तेव्हा मोकळी बाजू असली तर तो आडवा करून तिकडून ओढता येतो, नाहीतर क्रेन.

जागा ठरवताना अजून दोन गोष्टी. छपराच्या पागोळीखाली टब नको, वरून बर्फाचे सुळके आणि साचलेला बर्फ थेट झाकणावर येतो. आणि दारापासून फार लांब नको. उणे १५ ला ओल्या अंगाने धावायचं असतं, आणि तेवढी वाट प्रत्येक वेळी फावड्याने साफ करावी लागते. झाकण उचलायचा जो लिफ्टर असतो त्याला मागे दीड-दोन फूट जागा लागते, ती बाजूही डेकच्या ड्रॉइंगमध्ये दाखवा. आमच्याकडे झाकण उघडलं की ते बरोबर रेलिंगवर आपटायचं.

गोदावरी

नर्स आहे, त्यामुळे बाबांचं आणि लेकीचं मी सांगते.

पाण्याचं तापमान १०४ फॅरनहाइटच्या वर कधीच नको, म्हणजे आपले ४० सेल्सिअस. बीपीची गोळी चालू असणाऱ्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये, आणि डॉक्टर हो म्हणाले तरी तापमान कमी करून, थोडाच वेळ, आणि बरोबर कोणीतरी हवंच. गरम पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात, बीपी उतरतं, आणि एकदम उभं राहिलं की चक्कर येते. डेकच्या ओल्या कडेवर चक्कर म्हणजे खुब्याचं हाड. म्हणून टबाशेजारी पक्का बसवलेला हँडरेल हवा, टबाच्या सेटबरोबर येतो तो लटपटता नाही. रेलसाठी आडव्या लाकडाचा आधार फ्रेममध्ये आधीच टाकायला सांगा.

लेकीला अजून थांबावं लागेल. ५ वर्षांखालच्या मुलांना हॉट टबमध्ये घेऊ नये असं सीडीसी (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) स्पष्ट सांगते, लहान शरीर फार लवकर तापतं. कड १८ इंचांवर आली म्हणजे ४ वर्षांचं मूल सहज चढणार, तेव्हा एएसटीएम एफ १३४६ (सुरक्षित झाकणांचं मानक) लिहिलेलं, कुलूप लागणारं झाकणच घ्या आणि बाहेर आलात की लगेच लावा, पाच मिनिटांत परत यायचं असलं तरी. बऱ्याच गावांत असं झाकण असेल तर वेगळं कुंपण लागत नाही, पण तुमच्या परमिटवाल्यांना आणि एचओएला (वसाहतीच्या घरमालक संघटनेला) विचारून घ्या. घराचं मागचं दार मुलीला उघडता येणार नाही असा वरचा कडी-कोयंडाही बसवा.

पाण्याचं औषध अंदाजपंचे नको. क्लोरीन किमान ३ पीपीएम (दहा लाखांत ३ भाग), ब्रोमीन वापरलं तर किमान ४, पीएच ७ ते ७.८, पट्टी बुडवून नियमित बघायचं. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडतं आणि तेच पाणी लिजिओनेलासारख्या जंतूंना मानवतं. आणि आपल्या लोकांसाठी खास, दिवाळीत तेल-उटणं लावून कोणीही टबात उतरायचं नाही, अभ्यंगस्नान बाथरूममध्येच. केसांचं तेलही आधी धुवून यायचं. तेलाने फिल्टर चोंदतो, पाण्यावर फेस धरतो आणि क्लोरीन त्याच्यातच खर्ची पडतं.

नेपरव्हिलकर

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. बायकोने मृण्मयीताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि टब कोपऱ्यात घ्यायला ती लगेच तयार झाली. मागची भिंत खरंच विटांची आहे, त्यामुळे डेक स्वतंत्र पोस्टवर. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला फोन केला, बाँडिंगबद्दल विचारलं तर तो प्रामाणिकपणे म्हणाला की ते माझं क्षेत्र नाही, इलेक्ट्रिशियनला स्लॅबच्या आधी बोलवू. मला ते आवडलं.

दोन शंका राहिल्यात. एचओए आणि परमिट मिळून ऑक्टोबर उजाडेल असं दिसतंय, तर काम वसंतापर्यंत पुढे ढकलू का? आणि दुकानात ११० व्होल्टवर साध्या प्लगला चालणारे टब दाखवत होते, वायरिंगचा खर्चच वाचेल म्हणाले, त्यात काही अर्थ आहे का?

तारयंत्र

प्लगवाला टब उबदार राज्यात ठीक. १५ अँपवर हीटरला ताकदच कमी, त्यात बऱ्याच मॉडेलमध्ये जेट चालू केले की हीटर बंद राहतो. तुमच्या जानेवारीत झाकण उघडून अर्धा तास बसलात की पाणी निवत जाणार आणि परत तापायला रात्र जाईल. ज्यासाठी घेताय तेच मिळणार नाही, नका घेऊ.

सुतारपक्षी

ऑक्टोबरमध्ये फुटिंग्ज आणि स्लॅब उरकून घ्या, जमीन गोठायच्या आत काँक्रीटला ताकद यायला वेळ मिळायला हवा. रात्री पारा शून्याच्या आसपास यायला लागला तर ओतल्यावर वरून इन्सुलेटेड ब्लँकेट घालायला सांगा. लाकडी फ्रेम नंतर थंडीतही उभी करता येते. वायरचा चर मात्र स्लॅबबरोबरच खणून, तपासून बुजवून टाका, गोठलेली चिकण माती खणणं म्हणजे दुप्पट मजुरी.

टबाची डिलिव्हरी पक्की वीज जोडून झाल्याशिवाय घेऊ नका, निदान पाणी तरी भरू नका. भरलेला टब कडाक्याच्या थंडीत विजेशिवाय राहिला की पाइप आणि पंप फुटतात. नवीन टबातही कारखान्यातल्या चाचणीचं थोडं पाणी पाइपमध्ये उरलेलं असू शकतं, म्हणून डिसेंबरच्या आत सगळं होत नसेल तर दुकानदाराला सांगा की टब तुझ्याच गोदामात एप्रिलपर्यंत ठेव, आणि ते पावतीवर लिहून घ्या.

नेपरव्हिलकर

मग ठरलं, फुटिंग्ज, स्लॅब आणि चर ऑक्टोबरात, टब एप्रिलात. कोपऱ्यातल्या टबाचं, उचलायच्या फळ्यांचं आणि झाकणाच्या जागेचं मापासकट ड्रॉइंग कॉन्ट्रॅक्टर ह्या आठवड्यात देतोय, एचओएच्या अर्जाला तेच जोडणार. मिळालं की इथे टाकतो. सुतारपक्षी, जमलं तर हेडरचे पोस्ट बरोबर जागी दाखवलेत का तेवढं नजरेखालून घाला.